घराण्याचें गांभीर्य

आमचें घराणें आमच्या गांवांत गांभीर्याबद्दल प्रसिद्ध होतें. आमच्या आजोबांना हंसतांना पाहिल्याचें सांगणारा मनुष्य आम्हांला आजवर भेटलेला नाहीं. वडील तालुक्याच्या शाळेंत हेडमास्तर होते. त्यांना झुपकेदार मिशा होत्या, आणि त्या मिशांच्या आड जें काय हंसू उमटत असेल तें तेथल्या तेथेंच विरून जाई. लग्नामुंजींतले जुने फोटो पाहावे तर इतर मंडळी कोठें ना कोठें खुदकन हंसलेलीं दिसतात. आमच्या घरचे पुरुष तेवढे शोकसभेला आल्याप्रमाणें ओठ मिटून उभे! 'मास्तरांचें घराणें मोठें करारी' असें लोक म्हणत, आणि आम्हांलाहि त्याचा अभिमान वाटे. हा करारीपणा रक्तांतून येतो अशी आमची समजूत होती. ती अगदींच चुकीची नव्हती. रक्तांतून कांहीं तरी येत होतें खरें. परंतु तो करारीपणा नसून ते दांत होते, हें कळण्यास आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली.

आतां त्या दांतांचें थोडें वर्णन करणें प्राप्त आहे. संस्कृत कवींनीं कुंदकळ्या आणि डाळिंबाचे दाणे हीं उपमानें दांतांसाठीं राखून ठेविलीं आहेत. आमच्या दांतांना त्यांपैकीं एकहि लागू पडत नव्हतें. वरचे पटाशीचे दांत पुढें झुकलेले. एक सुळा जागा न मिळाल्यामुळें शेजाऱ्याच्या डोक्यावर चढून बसलेला. आणि खालचे चार दांत शेवटच्या एस. टी.त शिरलेल्या उतारूंप्रमाणें एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारे. पुढें आलेल्या दांतांच्या माणसाला संस्कृतांत 'दंतुर' म्हणतात. आमच्या वर्गबंधूंना संस्कृत येत नसल्यामुळें त्यांनीं आमचें नांव 'खवणी' असें ठेविलें होतें.

या नांवापासून आत्मसंरक्षण म्हणून आम्हांला एक संवय लागली. हंसू आलें कीं उजवा हात आपोआप तोंडावर जाई. पुढें प्राध्यापक झाल्यावर हाताचें काम पुस्तकानें पत्करलें. वर्गांत एखादा विनोद साधला म्हणजे हातांतलें पुस्तक वीतभर वर चढे आणि हंशा ओसरला म्हणजे खालीं येई. 'सर स्वतः न हंसतां वर्गाला हंसवितात' अशी आमची कीर्ति झाली. या कीर्तीचा पायाहि तोच सुळा होता.

आमच्याकडे दांतांविषयीं शकुन पुष्कळ. बाळाला वरचा दांत आधीं आला तर तें मामाला वाईट. पडलेला दुधाचा दांत शेणाच्या गोळ्यांत घालून कौलांवर फेंकावयाचा. समोरच्या दोन दांतांत फट असेल तर मनुष्य भाग्यवान. परंतु वांकड्या दांतांवर उपाय मात्र कोणत्याहि आजीच्या बटव्यांत सांपडत नसे. १९८३ सालीं, आम्ही बारा वर्षांचे असतांना, शाळेंत आरोग्यतपासणीस आलेल्या डॉक्टरांनीं 'याच्या दांतांना पुण्यास तारा बसवून मिळतील' असें सांगितलें. आम्ही धांवतच घरीं आलों. वडील चहा पीत होते. त्यांनीं बशींतून मान वर न करतां सांगितलें, "दाखवावयाचे दांत हत्तीला असतात. माणसाला चावावयाचे पुरतात." आईनें कांहीं बोलण्यासाठीं तोंड उघडलें आणि मिटलें. प्रश्न तेथेंच संपला. त्या वाक्यांत आम्हांला मोठें तत्त्वज्ञान दिसलें, आणि चाळीस वर्षें आम्ही त्यावर निर्वाह केला.

चार वर्षांपूर्वींच्या गणेशोत्सवांतली गोष्ट. आरतीनंतर मंडळी दिवाणखान्यांत बसली होती. आमचा भाचा कोणाची तरी नक्कल करीत होता, आणि सर्वांची हंसतां हंसतां पुरेवाट झाली होती. सहज आमची दृष्टि समोरच्या कपाटाच्या आरशाकडे गेली. त्यांत दोन हात एकाच क्षणीं वर गेलेले दिसले. एक आमचा होता. दुसरा आमच्या तेरा वर्षांच्या कन्येचा. तोच उजवा हात, तींच जुळलेलीं चार बोटें, मान किंचित् डावीकडे वळविण्याची तीच लकब. आमचें हंसू जागच्या जागीं थांबलें.

रात्रीं आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच म्हटलें, "अहो, तिचे दांत तुमच्यासारखे आहेत, त्याला तुम्ही काय करणार? पण हात वर न्यावयास तिला कोणीं शिकविलें?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. तरीहि शिकलेला मनुष्य लगेच हार जात नाहीं. दंतपंक्ति सरळ करून घेणें हें टूथपेस्टच्या जाहिरातींनीं लावलेलें खूळ आहे. सॉक्रेटीस कुरूप होता, पण त्यावांचून त्याचें कांहीं अडलें नाहीं. खरें सौंदर्य मनाचें. अशीं नानाप्रकारचीं विधानें आम्हीं दुसऱ्या दिवशीं जेवतांना केलीं. अखेरीस, कोणास ठाऊक कोठून, तें हत्तीचें वाक्य आमच्या तोंडून बाहेर पडलें. मुलीनें शांतपणें विचारिलें, "मग बाबा, तुम्ही तोंडावर हात कां धरतां?"

त्या आठवड्यांत आम्ही तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलों.

या बाई एके काळच्या आमच्याच विद्यार्थिनी. त्यांच्या शास्त्राचें नांव ऑर्थोडॉन्टिक्स. ग्रीक भाषेंत 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'ओदोन्त' म्हणजे दांत. ग्रीकांचा हा 'ओदोन्त', लॅटिनांतला 'देन्स' आणि आपला 'दंत' हे एकाच मूळ शब्दापासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. ही व्युत्पत्ति आम्ही बाईंना सांगूं लागलों, तेव्हां त्यांनीं ती आदरपूर्वक ऐकून घेतली आणि नंतर मुलीला 'आ' करावयास सांगितलें. शब्द आणि शस्त्र यांतला फरक आम्हांला त्या वेळीं कळला.

बाईंनीं जबड्याचे साचे घेतले, क्ष-किरणांचे फोटो काढले, आणि मग आम्हांला जें सांगितलें तें आम्ही पन्नास वर्षें दांत तोंडांत बाळगूनहि जाणत नव्हतों. जबडा लहान आणि दांत मोठे असा वारसा मुलाला मिळाला तर दांतांची दाटी होते. वर्षानुवर्षें अंगठा चोखणें, किंवा नाक चोंदल्यामुळें नेहमीं तोंडानें श्वास घेणें, यांनींहि दांत आणि जबडा यांची ठेवण बिघडूं शकते. शिवाय 'दुधाचेच दांत, पडावयाचेच आहेत' असें म्हणून आपण किडूं दिलेल्या दाढा जर वेळेपूर्वींच गेल्या, तर शेजारचे दांत त्या मोकळ्या जागेंत सरकतात, आणि मागाहून येणाऱ्या पक्क्या दांताला दार बंद झालेलें आढळतें. दुधाचे वीस दांत म्हणजे पुढच्यांसाठीं जागा धरून बसलेले पाहुणे होत. त्यांना लवकर उठवूं नये. मूल सात वर्षांचें झालें, पक्क्या दाढा आणि पुढचे दांत येऊं लागले, कीं एकदां तज्ज्ञाला दाखवावें. बहुतेकांना त्या वयांत कांहींच करावें लागत नाहीं. परंतु ज्यांना लागतें त्यांचें काम सोपें होतें.

दांत सरकतो कसा, हें ऐकून तर आम्ही थक्क झालों. भिंतींत खुंटी ठोकावी तसा दांत हाडांत ठोकलेला असतो अशी आमची कल्पना. वास्तविक दांताचें मूळ आणि हाड यांच्यामध्यें तंतूंचें एक अत्यंत पातळ अस्तर असतें. दांत त्या तंतूंवर झोळींत टांगल्यासारखा असतो. त्याला हलका पण सतत दाब दिला म्हणजे ज्या बाजूस तो रेटला जातो तेथलें हाड विरघळविणाऱ्या पेशी कामाला लागतात. आणि ज्या बाजूचे तंतु ताणले जातात तेथें नवें हाड रचणाऱ्या पेशी मागोमाग बांधकाम करीत येतात. दांत असा महिन्याला सुमारें एक मिलिमीटर चालतो. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्यानें १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दांतांवर प्रयोग करून हें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. त्यानेंच असेंहि दाखविलें, कीं जोर अधिक केला तर तेथील पेशीच मरतात आणि काम उलट अडतें. घाई करणाराचा दांत अडून बसतो, आणि धीर धरणाराचा चालतो. शिक्षकाच्या धंद्यांत आम्ही हें तत्त्व पुष्कळ वर्षांपूर्वीं शिकावयास पाहिजे होतें.

या विद्येचा इतिहासहि रसाळ आहे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालीं दंतविद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत नालाच्या आकाराच्या धातूच्या पट्टीला धाग्यांनीं दांत बांधून ते ओळींत आणण्याची युक्ति आहे. अमेरिकेंतले एडवर्ड एंगल यांनीं १८९९ सालीं वांकड्या दांतांचे तीन वर्ग पाडले, आणि आजहि जगभर त्याच वर्गांच्या भाषेंत बोलतात. वरचे दांत पुढें आणि खालचा जबडा मागें, असे लोक दुसऱ्या वर्गांत पडतात. आयुष्यभर पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेले आम्ही एंगल यांच्या परीक्षेंत सकुटुंब दुसऱ्या वर्गांत उतरलों!

या एंगल यांचा आग्रह असा, कीं निसर्गानें दिलेला एकहि दांत काढूं नये. जबडा रुंद करून सर्वांना जागा द्यावी. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनीं गुरूच्या आज्ञेप्रमाणें पुष्कळांचे दांत सरळ केले, आणि पुढें पाहिलें तों त्यांतले कित्येक पुन्हां वांकडे होऊं लागलेले. तेव्हां त्यांनीं आपलेच रोगी परत बोलाविले, दाढांच्या अलीकडचे चार दांत काढून जागा केली, आणि काम नव्यानें आरंभिलें. गुरुनिंदेचा आरोप सहन करून त्यांनीं आपली चूक सुधारली. हा वाद अद्यापि पूर्णपणें मिटलेला नाहीं. कोणाचे दांत काढावे आणि कोणाचे काढूं नयेत, हें प्रत्येकाचा जबडा पाहूनच ठरवितात. आमच्या मुलीचे चार दांत काढावे लागले. निरोगी दांत काढावयास संमति देतांना आमचा हात कांपला, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्या वेळीं ट्वीड यांची गोष्ट ऐकून आम्हांला धीर आला.

मुलीचें काम ठरल्यावर बाई आमच्याकडे वळल्या. "सर, दोन वर्षें तुमच्या वर्गांत बसलें, पण तुम्ही हंसल्याचें आठवत नाहीं. जरा पाहूं." आम्हीं चाळीस वर्षांनंतर परक्या माणसासमोर तोंड पूर्ण उघडलें. बाईंनीं बराच वेळ पाहिलें आणि आरसा आमच्या हातीं दिला. खालच्या दाटींत, जेथें ब्रश कधीं पोहोंचलाच नाहीं, तेथें दगडासारखें कीटण जमलें होतें. हिरड्या मागें हटल्या होत्या, मुळाभोंवतींचें हाड झिजलें होतें, आणि एक दांत बोटानें हलत होता. हत्तीच्या वाक्याचा निकाल तेथें लागला. चावावयाचे म्हणून जे दांत आम्हीं राखले, तेच चावण्याच्या कामांतून निवृत्त होण्याच्या बेतांत होते.

बाईंनीं उगीच भय घातलें नाहीं. वांकडे दांत म्हणजे किडके दांत असें मुळींच नव्हे. कसोशीनें घांसले तर तेहि शाबूत राहतात. परंतु सरळ दांत घांसावयास सोपे, आणि दाटींतले दांत स्वच्छ ठेवावयास दुप्पट चिकाटी पाहिजे. तसेंच मुलांचे वरचे दांत फार पुढें असले तर खेळतांना पडल्यावर पहिला मार त्यांनाच बसतो. सरळ दांतांचे व्यवहारांतले मोठे फायदे म्हणावयाचे ते हेच. उलटपक्षीं, तारा असतांना जो दांत घांसण्याचा आळस करील, त्याच्या दांतांवर पांढरे डाग पडून ते कायमचे राहूं शकतात.

"आमचें वय आतां झालें," आम्ही म्हणालों.

"वय आड येत नाहीं, सर, आड येईल तर हाड येईल," बाई म्हणाल्या. आधीं हिरड्यांचा उपचार झाला. कित्येक महिन्यांनीं त्या निरोगी ठरल्यावर आमच्याहि दांतांवर धातूच्या बारीक चौकटी चिकटविण्यांत आल्या आणि त्यांतून तार ओवली गेली. ही आरंभींची तार निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाची असते. अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेंत हा धातु निघाला. त्याला कसेंहि वांकवा, तो आपला मूळचा आकार विसरत नाहीं, आणि आपल्याबरोबर दांतांनाहि सरळ करीत जातो. लढाऊ गलबतांच्या खात्यांत जन्मलेली वस्तु शेवटीं मास्तरांच्या सुळ्याशीं लढावयास आली!

पहिल्या दिवशीं वर्गांत 'शेक्सपियर' हा शब्द उच्चारतांना प्रेशर कुकरच्या शिटीसारखा आवाज निघाला. पोरें क्षणभर स्तब्ध झालीं. मागच्या बांकावर एक मुलगी बसत असे. तिच्याहि दांतांना तारा होत्या आणि ती वर्षभर तोंडांतून शब्द काढीत नसे. तिनें आमच्याकडे पाहून हंसून घेतलें. घरीं बाकरवडी, चिक्की आणि कडक चकली यांना बंदी झाली. बाप आणि लेक समोरासमोर बसून मऊ भात जेवत आणि कोणाचें अधिक दुखतें याची तुलना करीत. तिच्याशीं इतकें बोलणें आम्हांला पूर्वीं कधीं सुचलें नव्हतें.

तुमच्याहि घरीं एखादा हात असा वर जात असेल, म्हणून दोन शब्द. खर्चाच्या भीतीनें मागें फिरूं नये; मुंबईचें नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ पासून चालू आहे, आणि अशा महानगरपालिकेच्या व सरकारी दंतमहाविद्यालयांत हें काम पुष्कळ कमी खर्चांत होतें. दांतांतली फट घरच्या घरीं रबर अडकवून मिटविण्याचा प्रयोग मात्र कोणीं करूं नये. तें रबर हिरडीखालीं सरकून चांगले दांत मुळासकट घालवितें. आणि प्रत्येक वांकड्या दांताच्या मागेंहि लागूं नये. किंचित् कललेला एखादा दांत हा चेहऱ्याची सही असतो. जो दांत घांसावयास, चावावयास किंवा हंसावयास आड येत नाहीं, त्याला सुखानें राहूं द्यावें.

आमच्या तारा पाहून सर्वांत अधिक विचित्र वागली ती आमची आई. ती ऐशींच्या पुढची. तिनें आमची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळविलें आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "अरे, ते गेले होते रे पुण्याला. तूं बारा वर्षांचा होतास. डॉक्टरला विचारून आले. तुम्हीं चौघें भावंडें, आणि चौघांचे दांत तसेच. एकाचें करावें आणि तिघांना नाहीं म्हणावें, हें त्यांना जमेना. आकडा ऐकून संध्याकाळच्या गाडीनें परत आले." थोड्या वेळानें ती हंसली. "मला पाहावयास आले तेव्हां त्यांना मिशा नव्हत्या. माझी धाकटी बहीण त्यांच्या दांतांकडे पाहून कुजबुजली. लग्नाला उभे राहिले ते मिशा घेऊनच."

चाळीस वर्षें ज्या वाक्याला आम्हीं तत्त्वज्ञान मानिलें, तो तर तोंडावर धरलेला हात होता. आम्हीं त्यांना करारी समजलों. त्यांना तें पुरत होतें कीं नाहीं, हें विचारण्याची वेळ आतां निघून गेली आहे.

दोघांच्याहि तारा सुमारें दोन वर्षांनीं निघाल्या. परंतु बाईंनीं निरोप देतांना बजाविलें, कीं खरें काम आतांच आहे. हिरडीभोंवतींचे ताणलेले तंतु जुनी जागा सहजासहजीं विसरत नाहींत. मोकळे सोडले तर दांतांना हळूहळू माघारीं ओढतात. म्हणून 'रिटेनर' नांवाची पट्टी रोज रात्रीं घालावयाची, आणि ती पुष्कळ वर्षें. 'बाबा, प्लेट घातली का?' अशी हांक रोज निजतांना पलीकडच्या खोलींतून येते. दांत सरळ झाले. हात मात्र अजून कधीं कधीं वर जातो. त्याला घालावयाची पट्टी कोठें मिळत नाहीं. तो अर्ध्यावर पोहोंचला कीं मुलगी नुसती पाहते, आणि आम्ही तो खालीं घेतों.

गेल्या दिवाळींत काढलेला घरचा फोटो आम्हीं वडिलांच्या फोटोशेजारीं लाविला आहे. त्यांत आम्ही सर्व हंसत आहों. आमच्या आत्याबाई परवां घरीं आल्या होत्या. त्यांनीं दोन्ही फोटो आळीपाळीनें निरखून पाहिले. "मास्तरांचें घराणें राहिलें नाहीं हो आतां," त्या म्हणाल्या, आणि हंसूं लागल्या. हंसतांना त्यांनीं पदर तोंडाला लाविला होता.